‘इंजेक्शन देऊन बघू’: पेन क्लिनिकमधील डे-केअर उपचार नीट कसे घ्यावेत

सहा महिने कंबर धरून बसलेल्या माणसाला जेव्हा ‘मणक्यात एक इंजेक्शन देऊन बघू’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या वाक्यातले ‘बघू’ हे क्रियापद सहसा कोणी ऐकत नाही. रुग्ण ‘इंजेक्शन’ ऐकतो, नातेवाईक ‘मणक्यात’ ऐकतात आणि घरी जाईपर्यंत ‘मणक्यात सुई घेतली की माणूस पांगळा होतो’ इथपर्यंत चर्चा पोचलेली असते. वास्तविक या उपचारांत ‘बघू’ हाच कामाचा शब्द आहे. यातली बरीचशी इंजेक्शने म्हणजे शरीराला विचारलेला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर डॉक्टरांना दिसत नाही, ते रुग्णालाच पाहून, मोजून, लिहून आणावे लागते. मी भूलतज्ज्ञ आहे आणि ऑपरेशन थिएटरइतकाच वेळ पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे वेदनांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, घालवतो. तिथे उपचार फसलेले मी पाहिले आहेत, पण त्याहून अधिक वेळा हे उत्तर हरवलेले पाहिले आहे. म्हणून ही माहिती.

येथे मुख्यतः कंबरेच्या मणक्याभोवतीच्या तीन उपचारांविषयी लिहितो, कारण क्लिनिकमध्ये सर्वांत जास्त तेच होतात. पहिला म्हणजे एपिड्युरल इंजेक्शन, ज्यात दबलेल्या किंवा सुजलेल्या नसेच्या मुळाशी सूज उतरवणारे स्टेरॉइड आणि थोडे भुलीचे औषध सोडतात. दुसरा म्हणजे मीडियल ब्रँच ब्लॉक, ज्यात मणक्यांना मागच्या बाजूने जोडणाऱ्या छोट्या सांध्यांच्या, म्हणजे फॅसेट सांध्यांच्या, बारीक नसा काही तासांपुरत्या बधिर करतात. तिसरा म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, ज्यात त्याच बारीक नसा उष्णतेने निकामी करून काही महिने बंद ठेवतात. गुडघ्याच्या नसांवरची रेडिओफ्रिक्वेन्सी, माकडहाडाच्या वरच्या बाजूस असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यातले इंजेक्शन, स्नायूतल्या गाठींवरचे ट्रिगर पॉइंट इंजेक्शन हेही उपचार रुग्णाला दाखल न करता, म्हणजे डे-केअर पद्धतीने, होतात आणि त्यांची तयारी बरीचशी सारखीच असते.

आधी दुखणे कुठले, ते ठरवा

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. परंतु किती दिवस दुखते यापेक्षा कुठे दुखते आणि कशाने वाढते, या प्रश्नांच्या उत्तरावर इंजेक्शनाची निवड ठरते. ढुंगणातून निघून मांडीच्या मागून गुडघ्याखाली, पोटरीत किंवा पावलापर्यंत जाणारी कळ, तिच्यासोबत मुंग्या किंवा बधिरपणा, खोकल्या-शिंकल्यावर ती वाढणे, हे नसेच्या मुळाचे दुखणे. लोक याला सायटिका म्हणतात आणि एपिड्युरल असते ते यासाठी. याउलट दुखणे कंबरेतच, मणक्याच्या एका किंवा दोन्ही बाजूंना राहत असेल, फार वेळ उभे राहून किंवा मागे वाकून वाढत असेल आणि पाय मोकळे असतील, तर संशय फॅसेट सांध्यांवर जातो. मात्र केवळ लक्षणांवरून किंवा फोटोवरून तो संशय सिद्ध होत नाही, म्हणूनच मीडियल ब्रँच ब्लॉक करून बघावे लागते.

इथे एमआरआयचा विषय निघतोच. ‘एल-४-एल-५ मध्ये गादी सरकली आहे’ (म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती) हे वाक्य रिपोर्टमध्ये असले की निदान झाले, असे रुग्णाला वाटते. कंबर दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत चकती फुगलेली आढळली होती, आणि यांपैकी कोणालाही दुखत नव्हते. म्हणून पायातल्या कळेची वाट आणि रिपोर्टमधली जागा जुळते का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. डाव्या पायात कळ आणि रिपोर्टमध्ये उजवीकडची नस दबलेली, असे असेल तर त्या रिपोर्टच्या आधारावर सुई घेण्यात अर्थ नाही.

काही लक्षणे असतील तर पेन क्लिनिकची तारीख घेण्याऐवजी तातडीने दुसरी वाट धरावी लागते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागाचा बधिरपणा, पावलातली ताकद दिवसागणिक कमी होत जाणे, ताप, कारणाशिवाय वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, यांपैकी काहीही असले तरी आधी त्याचा शोध घ्यायचा आणि इंजेक्शनाचा विचार नंतर.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या उपचारांच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांचे एकमत नाही. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) या संस्थेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीव्र आणि नव्या सायटिकासाठी एपिड्युरलचा विचार करावा, नुसत्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नये, आणि रेडिओफ्रिक्वेन्सीचा विचार इतर उपायांनी गुण न आलेल्या, दहापैकी पाच किंवा अधिक दुखणाऱ्या आणि ब्लॉकने आराम पडलेल्या रुग्णांसाठीच करावा. २०२५ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ-मंडळाने तर मणक्याच्या जुनाट, कर्करोगाशी संबंध नसलेल्या वेदनेसाठी या बहुतेक उपचारांविरुद्धच ठाम शिफारस केली, आणि पेन फिजिशियनांच्या संघटनांनी तिच्यावर जोरदार आक्षेप घेतला. माझा व्यवहार या दोहोंच्या मधला, पण नाइसच्या जवळचा आहे. पायातल्या ताज्या, रिपोर्टशी जुळणाऱ्या कळेसाठी एपिड्युरल काही आठवड्यांची उसंत मिळवून देते, आणि तेवढ्यात अनेकांची चकती आपोआप निवळते. नुसत्या जुन्या कंबरदुखीला, रिपोर्टात काहीतरी आहे म्हणून, एपिड्युरल देणे मला पटत नाही. आणि ब्लॉक न करता थेट रेडिओफ्रिक्वेन्सी सुचवली, तर त्याचे कारण रुग्णाने विचारलेच पाहिजे.

‘तीन इंजेक्शनांचा कोर्स’ अशी योजना आधीच आखून दिली जात असेल तर तिथेही थांबावे. पहिल्या इंजेक्शनाचा परिणाम पाहिल्याशिवाय दुसऱ्याची तारीख ठरवण्याला आज आधार नाही. पहिल्याने पूर्ण गुण आला तर दुसरे कशाला, आणि काहीच गुण आला नाही तर तेच पुन्हा कशाला?

तारीख घेण्यापूर्वी

गोळ्यांची यादी आणू नका, गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून आणा. ‘हृदयाची एक छोटी गोळी’ म्हणून सांगितलेल्या कॅप्सूलमध्ये आपल्याकडे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे एकत्र असतात, आणि कोलेस्टेरॉलच्या म्हणून घेतलेल्या गोळीतही कधी कधी ती निघतात. मणक्याच्या पोकळीत रक्तस्राव होऊन गाठ साचली तर ती मज्जातंतूंवर दाब आणते आणि कायमचा अधूपणा येऊ शकतो. हा धोका दुर्मीळ आहे, पण तो टाळण्याचा मार्ग आपल्या हातात असतो. एपिड्युरलपूर्वी क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस, वॉरफेरिन पाच दिवस आणि शिवाय आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) तपासून, तर रक्त पातळ ठेवणारीच अपिक्सबान किंवा रिव्हरॉक्सबान साधारण तीन दिवस बंद ठेवण्याची पद्धत आहे. मूत्रपिंड अधू असेल तर हा अवधी वाढतो. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावेत म्हणून दिले आहेत. ते वाचून कोणीही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये. ज्याला नुकताच स्टेंट बसला आहे त्याची गोळी थांबवण्यापेक्षा कंबरेचे इंजेक्शन पुढे ढकलणे केव्हाही शहाणपणाचे, आणि हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांनी लेखी द्यावा. मीडियल ब्रँच ब्लॉकची सुई पोकळीच्या बाहेर, हाडावर टेकते, त्यामुळे त्यासाठी या गोळ्या बऱ्याचदा थांबवाव्या लागत नाहीत.

मधुमेह असेल तर स्टेरॉइडने साखर काही दिवस, क्वचित आठवडाभर, चढते हे धरून चालावे. साखर आधीच ताब्यात नसेल तर दुखणे सोसून आधी ती आवरलेली बरी. घरी ग्लुकोमीटर असेल तर इंजेक्शनानंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तपासावी, आणि इन्सुलिनचे प्रमाण किती वाढवायचे हे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. सणाच्या आठवड्यात, पुरणपोळ्या आणि फराळ समोर असताना, मधुमेही रुग्णाला मी शक्यतो स्टेरॉइड देत नाही.

पेसमेकर किंवा शरीरातले दुसरे कुठलेही विद्युत यंत्र, क्ष-किरणात औषधाची वाट दिसावी म्हणून सोडतात त्या डायचे किंवा भुलीच्या औषधाचे वावडे, गर्भ राहिल्याची शक्यता, दाढेतला पू, लघवीचा जंतुसंसर्ग, सुईच्या जागेवरचे गळू, हे सारे आधी सांगावे. अंगात जंतुसंसर्ग असताना मणक्याजवळ सुई घालायची नसते, मग ताप असो वा नसो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न थोडे, पण नेमके असावेत. हे इंजेक्शन निदानासाठी आहे की उपचारासाठी? सी-आर्म (सुईची जागा पडद्यावर दाखवणारे क्ष-किरण यंत्र) किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने देणार की अंदाजाने? स्टेरॉइड कोणते? शेवटच्या प्रश्नाला अनेक रुग्ण बिचकतात, पण तो रास्त आहे. काही स्टेरॉइडे बाटलीत दुधासारखी पांढरट दिसतात, कारण त्यांत न विरघळलेले कण असतात. डेक्सामिथासोन मात्र पाण्यासारखे स्वच्छ असते. मणक्यातून नस बाहेर पडते त्या छिद्रातून सुई घालताना असे कण चुकून रक्तवाहिनीत गेले तर मज्जारज्जूचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा अडू शकतो, आणि मानेत हा धोका सर्वांत मोठा असतो. एपिड्युरल स्टेरॉइडनंतर क्वचित उद्भवणाऱ्या अशा गंभीर इजांविषयी अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रक संस्थेने २०१४ साली इशारा प्रसिद्ध केला. त्याआधी २०१२ साली त्याच देशात एका औषधालयाने बनवलेल्या दूषित स्टेरॉइडमुळे बुरशीच्या मेंदुज्वराची साथ पसरून साठहून अधिक माणसे दगावली होती. त्यामुळे कुपी रुग्णासमोर उघडणे आणि एका रुग्णाला एकच कुपी वापरणे यांचा आग्रह धरणारा रुग्ण मला मुळीच उद्धट वाटत नाही.

पैशांचे पाहायचे तर विमा कंपनीला आधीच लेखी विचारावे. चोवीस तासांपेक्षा कमी वेळात, रुग्णालयात किंवा डे-केअर केंद्रात, भूल देऊन होणारा उपचार ‘डे-केअर’ म्हणून पॉलिसीत बसतो, पण एरवी ओपीडीत होणारा उपचार त्या व्याख्येतून वगळलेला असतो, आणि मणक्याचे इंजेक्शन नेमके या दोहोंच्या सीमेवर पडते. उपचार झाल्यावर दाव्यासाठी भांडण्यापेक्षा आधी आलेले ‘नाही’ परवडते.

सुईचा दिवस

सकाळच्या वेदनाशामक गोळीविषयी आधी विचारून घ्या. निदानाचा ब्लॉक असेल तर ती न घेता, दुखत असतानाच येणे चांगले. जे दुखतच नाही ते थांबले की नाही, हे कसे कळणार? मागे एक बाई गावाहून लवकर निघाल्या, एसटीत त्रास नको म्हणून वाटेत दोन गोळ्या घेतल्या आणि ब्लॉकनंतर ‘आता आराम कर’ या सुनेच्या आग्रहाने संध्याकाळपर्यंत झोपून राहिल्या. दुसऱ्या दिवशी ‘बरे वाटले’ एवढेच त्या सांगू शकल्या. ब्लॉक पुन्हा करावा लागला. त्यांची काही चूक नव्हती, आम्हीच त्यांना नीट सांगितले नव्हते. तेव्हापासून दोन सूचना मी स्वतः कागदावर लिहून देतो: गोळी घेऊन येऊ नका आणि घरी जाऊन झोपू नका.

नुसती जागा बधिर करून सुई घ्यायची असेल तर हलका नाश्ता चालतो. झोपेचे औषध देणार असतील तर सहा तास काही खायचे नाही, साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते. निदानाच्या ब्लॉकसाठी झोपेचे औषध मी शक्यतो देत नाही, कारण त्याच्या गुंगीतही दुखणे कमी वाटते आणि उत्तर गढूळ होते. सोबत एक माणूस हवाच. दुचाकीवरून येऊ नये, आणि लांबच्या गावाहून आला असाल तर त्या रात्री शहरात मुक्काम करावा.

टेबलावर पालथे झोपवतात, पोटाखाली उशी देतात, म्हणजे कंबरेची पन्हळ सपाट होते आणि सुईला वाट मिळते. पाठ जंतुनाशकाने पुसतात, ते थंडगार लागते. मग कातडी बधिर करण्यासाठी दिलेले औषध दहा-पंधरा सेकंद चांगलेच झोंबते, आणि बहुतेकांच्या मते सगळ्या प्रकारातला हाच सर्वांत अप्रिय क्षण. त्यापुढे जाणवतो तो मुख्यतः दाब. एपिड्युरलमध्ये औषध जाताना पायात नेहमीचीच कळ क्षणभर उमटू शकते. ती ‘ओळखीची’ आहे की ‘वेगळी’, हे डॉक्टरांना मोठ्याने सांगायचे. झटका बसल्यासारखी चमक आली तर लगेच बोलायचे, पण हलायचे नाही. टेबलावर रुग्णाची ही एवढीच जबाबदारी असते.

मीडियल ब्रँच ब्लॉकमध्ये सुया किती टोचल्या याची रुग्ण मोजदाद करतात आणि मग घाबरतात. तिथे हिशेब असा असतो. प्रत्येक फॅसेट सांध्याला वरून आणि खालून अशा दोन नसा येतात. एल-४-एल-५ आणि त्याखालचा एल-५-एस-१ हे दोन सांधे तपासायचे तर एका बाजूला तीन आणि दोन्ही बाजू मिळून सहा सुया होतात. प्रत्येक ठिकाणी औषध मात्र अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी, कारण जास्त सोडले तर ते शेजारच्या नसांवर पसरते आणि नेमके कुठले दुखणे थांबले, ते कळत नाही.

नंतर अर्धा ते एक तास तिथेच थांबवतात. एपिड्युरलनंतर काही तास पाय जड किंवा बधिर वाटू शकतो. पहिल्यांदा उठताना दोन्ही बाजूंना माणूस असावा, बाथरूमला एकटे जाऊ नये. या दिवशीच्या अपघातांचे कारण मणक्यातली सुई क्वचितच असते, बहुतेकदा ते बाथरूमची ओली फरशी असते.

पहिल्या आठ तासांची वही

आता खरे काम सुरू होते. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचा परिणाम एक-दोन तास आणि ब्युपिवाकेन या दुसऱ्याचा त्याहून जास्त, साधारण चार ते आठ तास टिकतो. दुखणे किती कमी झाले आणि तो आराम औषधाच्या मुदतीइतकाच टिकला का, या दोन गोष्टी जुळल्या तर आपण योग्य नसेपाशी आहोत असे म्हणता येते. म्हणून दर अर्ध्या-एक तासाने वेळ, वेदनेचा शून्य ते दहामधला आकडा आणि त्या वेळी काय करत होता, या तीन गोष्टी लिहायच्या. आणि ज्या हालचालीने एरवी दुखते तीच हालचाल मुद्दाम करायची. जिना चढा, वाकून बादली उचला (अर्धी भरलेली), ओट्यापाशी अर्धा तास उभे राहा.

अशा नोंदीचा उत्तम नमुना मला एका निवृत्त एसटी कंडक्टरांनी दिला. दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी वे-बिल भरावे तशा पट्टीने रेघा मारल्या होत्या. ‘१०.४०, टेबलावर जाण्यापूर्वी, ७. ११.२०, सुई झाली. ११.५०, उभा राहिलो, २. १२.३०, दवाखान्याचा जिना दोनदा, १. २.००, पाटावर जेवायला बसलो, २. ४.३०, टीव्हीसमोर, ५. ७.००, ७, नेहमीप्रमाणे.’ शेवटी खाली सही. मी वापरलेले औषध ब्युपिवाकेन होते आणि त्यांचा आराम पाच तासांत ओसरला. सातावरून एकावर, म्हणजे ऐंशी टक्क्यांहून अधिक फरक, आणि तोही जिना चढताना. दोन आठवड्यांनी लिग्नोकेनने पुन्हा तपासले, तेव्हा दीड-दोन तासांचाच आराम लिहून आला. कुठले औषध कधी दिले, हे त्यांना सांगितलेले नव्हते. दोन्ही उत्तरे औषधांच्या मुदतीशी जुळली, म्हणून मी रेडिओफ्रिक्वेन्सीला हो म्हणालो.

फरक किती असावा याविषयी मतभेद आहेत. कोणी पन्नास टक्के पुरेसे मानतो, कोणी ऐंशीचा आग्रह धरतो. मी ऐंशीच्या बाजूचा आहे, कारण मोडक्या-तोडक्या उत्तरावर नस जाळली की पस्तावा ठरलेला. ‘सुई मारल्यापासून तीन आठवडे बरे वाटले’ असे सांगणारा रुग्ण आनंदाने येतो आणि मी त्याच्या आनंदात सहभागीही होतो, पण भुलीचे औषध काही तासच टिकते, त्यामुळे निदानाच्या दृष्टीने ते उत्तर माझ्या उपयोगाचे नसते.

पुढचे दिवस

एपिड्युरलनंतरची सर्वांत सामान्य तक्रार अशी की पहिल्या दिवशी छान वाटले, रात्रीपासून पुन्हा सुरू झाले, दुसऱ्या दिवशी तर जास्तच दुखले, म्हणजे इंजेक्शन वाया गेले. तसे नसते. पहिल्या काही तासांचा आराम भुलीच्या औषधाचा असतो. ते उतरते तेव्हा स्टेरॉइडचे काम अजून सुरू झालेले नसते, कारण त्याला साधारण दोन ते सात दिवस लागतात. मधल्या खिंडीत टोचल्याचा ठणका भर घालतो. या काळात पॅरासिटामॉल घ्यावी, सुईच्या जागी बर्फ लावावा. शेक त्या दिवशी नको, बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. चेहरा लाल-गरम होणे, एक-दोन रात्री झोप न लागणे, उचकी, रक्तदाब थोडा चढणे, बायकांना पाळी पुढे-मागे होणे, हे स्टेरॉइडचे तात्पुरते परिणाम आहेत. अंघोळ दुसऱ्या दिवशी बादलीने करावी. पोहणे आणि तेल लावून मालिश काही दिवस टाळावे. ‘पथ्य काय? आंबट चालेल? वातूळ?’ हा प्रश्न न चुकता येतो. मधुमेह्याची साखर सोडली तर खाण्याचे कसलेही पथ्य नाही.

आराम पडू लागला की व्यायाम सुरू करायचा, आणि इथे बहुतेकजण उलटे वागतात. बरे वाटले म्हणून पहिल्याच आठवड्यात गहू भरून ठेवतात, शेतात जातात, आणि फिजिओथेरपीला मात्र ‘आता दुखत नाही तर कशाला’ म्हणून जात नाहीत. एपिड्युरलचा परिणाम आठवडे ते काही महिने टिकतो. चालणे, पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणे, वजन उतरवणे हे दुखत असताना जमत नव्हते, ते याच मुदतीत करायचे असते. एका वर्षात तीन-चारपेक्षा जास्त स्टेरॉइड इंजेक्शने देऊ नयेत असा संकेत आहे, आणि त्यात गुडघ्यातली, खांद्यातली इंजेक्शनेही मोजायची असतात. ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली असली तरीही.

रेडिओफ्रिक्वेन्सीचे वेळापत्रक वेगळे आहे. सुईचे टोक नसेच्या कडेला बसवून साधारण ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि प्रत्येक जागी साठ ते नव्वद सेकंद ठेवतात. त्याआधी बारीक विद्युत प्रवाह सोडून चाचणी घेतात. कंबरेत गुदगुल्या किंवा धडधड जाणवली तर चालते, पण पाय उडाला किंवा पायात कळ उतरली तर सुई पायाच्या नसेजवळ आहे असे समजून जागा बदलतात. हे सांगण्यासाठी रुग्ण जागा हवा. गाढ झोपवून ही क्रिया करू असे कोणी म्हणाले तर ते मला धोक्याचे वाटते. नंतरचे एक-दोन आठवडे कंबर अधिक दुखते, कातडीवर उन्हाने पोळल्यासारखे हुळहुळते. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. जळालेली नस पुन्हा वाढते, म्हणून आराम बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. कंडक्टरांचा अकरा महिने टिकला. मग ते नवे कोरे पान घेऊन आले.

कधी धावायचे

बसल्या-उभ्याने वाढणारी आणि आडवे झाल्यावर थांबणारी डोकेदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाली, तर सुईने मज्जारज्जूभोवतीचे आवरण टोचले गेले असावे. त्रासदायक आहे, पण उपाय आहे. आडवे राहावे, पाणी-चहा भरपूर घ्यावा, क्लिनिकला फोन करावा. बहुतेकांची काही दिवसांत थांबते, नाही थांबली तर स्वतःच्याच रक्ताचे ठिगळ लावून थांबवता येते. पण ताप, सुईच्या जागी लाली किंवा स्राव, रोज वाढत जाणारी पाठदुखी, मानेचा ताठरपणा, भुलीचे औषध उतरण्याची वेळ उलटून गेल्यावरही वाढत जाणारी पायाची कमजोरी, गुप्तांगाभोवतीचा बधिरपणा किंवा लघवी अडणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. त्याच रात्री, एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात जायचे आणि ‘अमुक तारखेला मणक्यात इंजेक्शन झाले आहे’ हे वाक्य सर्वांत आधी सांगायचे. मणक्यातली रक्ताची गाठ किंवा पू काही तासांत काढला तर पाय वाचतो.

क्लिनिकमधून निघण्यापूर्वी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: डाय पसरलेली दिसणारी सी-आर्मची छापील प्रतिमा, दिलेल्या औषधांची नावे आणि प्रमाण लिहिलेला कागद, आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर. पुढच्या भेटीला यांतले पहिले दोन आणि आपली वही एका फाइलमध्ये घालून आणावी. डॉक्टर बदलला, गाव बदलले, तरी ही फाइल चालते, आणि नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला तोच प्रश्न पुन्हा सुईनेच विचारावा लागतो.